खुर्ची उलटी करून बघणारी माणसं

आमच्या कुरखेड्यात खुर्ची फार उशिरा आली. जंगल होतं, सागवान होतं, वाकस-रंधा घेऊन बसलेले सुतारही होते. पण लाकडाची खुर्ची करावी आणि तिच्यावर आपणच बसावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. बसायला सिंदीची चटई, निजायला सुंबाची बाज, आणि पाहुणा मोठा असला तर त्याच बाजेवर घोंगडी. खुर्ची असे ती सरकारी. फॉरेस्टच्या साहेबाची, शाळेच्या हेडमास्तरांची, दवाखान्यातल्या डॉक्टरची. तिच्यावर बसलेल्या माणसासमोर आपण उभं राहायचं असतं, एवढं आमच्या आजीला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणे, "खुर्चीवर बसला का मानसाचा आवाज बदलते गा."

आणि गंमत बघा, दुनियेला बसायला लाकूड आमचंच. तेव्हा आमचा जिल्हा चांदा. गडचिरोली वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. आलापल्लीच्या जंगलात साग असा वाढतो की बघणाऱ्याची टोपी पडावी. तिथला सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून कुऱ्हाड न लावता राखून ठेवलाय, 'वनवैभव' म्हणतात त्याला. बाकीचं लाकूड बल्लारपूरच्या डेपोत जायचं आणि तिथून कुठे कुठे. अलीकडे 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी त्याच डेपोतून सागवान निघालं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात मिरवणूक निघाली होती. आमचे आबाजी असते तर त्यांनी मिरवणूक सोडून आधी लाकडाचे शिरे तपासले असते.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. सुतार. नांगर, वखर, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी हे त्यांचं पोटाचं काम. आस धावड्याचा, बंडीची दांडी तिवसाची, दार सागाचं, अशी लाकडांची नाती त्यांना तोंडपाठ. पण जीव रमायचा तो खुर्चीत. कोणाकडचीही मोडकी खुर्ची दुरुस्तीला आली की ते तिच्यावर बसत नसत, हातही टेकत नसत. आधी तिला उलटी करत. चारही पाय आकाशाकडे झाले की डोळ्यांवर हात धरून खालून बघत बसत. "वरून सगळ्याच खुर्च्या चांगल्या दिसतेत. खालून समजते, कोनं मन लावून केली आन् कोनं पैशासाठी केली."

त्यांच्या छपरीत संध्याकाळी तिघंजण ठरलेले. एक, शाळेतले गुरुजी. त्यांना सगळं गाव 'इंदूरवाले गुरुजी' म्हणे. बालपण इंदुरात गेलेलं, ब्रह्मपुरीकडची मुलगी केली आणि सी.पी.त, म्हणजे मध्य प्रांतात, मास्तरकी मिळाली, ते इकडचेच झाले. दुसरे नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचे गार्ड. खात्याची सायकल आणि खाकी टोपी यांवर त्यांचा सारखाच जीव. तिसरे दवाखान्यातले कंपौंडर. आणि अधूनमधून, काम असेल तेव्हा, एक बुरड. तो आधी छपरीच्या बाहेरच उकिडवा बसायचा. त्याचं आत येणं कसं झालं, ते पुढे सांगतो.

हे चौघं-पाचजण एकत्र कशामुळे आले, ते मला नीटसं आठवत नाही. आमची माय म्हणे, कंपौंडरांच्या खुर्चीमुळे. काका म्हणे, नाही, चहामुळे. चहा म्हणजे गुळाचा, काळा. दूध लहान पोरांना. आजीने लाखोळीचे वडे काढले असले की बैठक रात्रीपर्यंत लांबायची, आणि पावसाळ्यात कोणी जंगलातून सात्या, म्हणजे अळंब्या, आणल्या असल्या तर कंपौंडर घरी जेवायला जायचं नावच काढत नसत. त्यांच्या घरून मग बोलावणं यायचं. ते बोलावणं घेऊन येणारी त्यांची पोरगीही वडा खात तिथेच बसायची.

कंपौंडरांची खुर्ची मात्र खरीच होती. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा साहेबाचं सामान चांद्याला विकायला निघालं होतं, त्यातून त्यांनी ती घेतली होती. गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या लाकडाची कमान. नॅरोगेज गाडीच्या टपावर बांधून वडशापर्यंत आणली आणि तिथून बंडीत. आबाजींनी ती उलटी केली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. कुसू नाही, खाच नाही, सरस नाही. नुसते स्क्रू. त्यांनी एकेक स्क्रू काढून तुकडे चटईवर मांडले, तर सहाच निघाले. पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच अखंड दांडा. "हे लाकूड तासलं नाही," आबाजी म्हणाले, "हे वाकवलं हाय." तेव्हा बाहेर बसलेला बुरड हसला. बांबू शेकून वाकवणं हा त्याचा रोजचा धंदा. लाकूडही शेकलं तर वाकेल, यात नवल ते काय, असा त्याचा चेहरा. आबाजींनी त्याला आत बोलावलं आणि तो दांडा हातात दिला. तो आत आला तो असा. पुढे कोणी त्याला बाहेर बस म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर आबाजींनी ऐकलं नसतं.

त्या खुर्चीचं कूळ मला पुष्कळ वर्षांनी कळलं. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने बीच नावाचं लाकूड वाफेवर वाकवून 1859 मध्ये चौदा नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे तुकडे रचले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. खोकी जहाजातून जगभर गेली आणि 1930 पर्यंत पाच कोटी खुर्च्या खपल्या म्हणतात. मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांत ब्रून-मस्का खाताना आपण ज्या काळ्या-तपकिरी खुर्च्यांवर बसतो, त्याही याच घराण्यातल्या. बीचला आमच्याकडची उधई मात्र सोडत नाही. कंपौंडरांच्या खुर्चीचा एक पाय पोखरलेला होता. आबाजींनी तो तिवसाचा करून बसवला. मग ती खुर्ची विलायतेची की कुरखेड्याची, यावर नाकेदार आणि गुरुजी यांच्यात वाद लागला, तो दोघंही जाईपर्यंत मिटला नाही.

पण खरी मेजवानी असायची ती गुरुजींच्या गोष्टींची. त्यांचे वडील होळकरांच्या दरबारात कुठल्याशा हिशेबाच्या खोलीत कारकून होते. निदान गुरुजी तसं सांगत. आबाजींना ते कधी पुरतं पटलं नाही, कारण दर दिवाळीला त्या कारकुनाचा हुद्दा एक पायरी वर चढे. गुरुजी सांगत ते असं: राजा तरुण, सडपातळ, उंच, विलायतेत शिकलेला. त्याने माणिकबागेत महाल बांधला आणि महालासाठी जर्मनीहून खोकी आली. खोकी उघडली तर आत सिंहासन नाही, नक्षी नाही, हत्तीचा पाय नाही. नुसत्या चकचकीत लोखंडी नळ्या आणि काच! सगळं इंदूर हसलं म्हणे. राजाकडे पैसा संपला की काय?

यातलं ऐकीव किती आणि घरचं तिखट-मीठ किती, ते सोडा. पण महाल खरा आणि खोकीही खरी. यशवंतराव होळकर, दुसरे. जन्म 1908 चा. वडील तुकोजीराव यांना 1925 च्या बावला खून प्रकरणानंतर गादी सोडावी लागली. (या प्रकरणाची गोष्ट निघाली की आजी आम्हा पोरांना झोपायला पाठवायची, त्यामुळे मला ती तुकड्यातुकड्यांनीच माहीत होती.) पोरगं सतरा-अठरा वर्षांचं असताना गादीवर आलं आणि 1930 मध्ये त्याच्या हाती पूर्ण कारभार आला. ऑक्सफर्डला शिकताना त्याची ओळख एका जर्मन तरुणाशी झाली, एकार्ट मुथेसियस. वयाने चार वर्षांनी मोठा, हातात अजून नाव नाही, पण डोक्यात घर कसं असावं याचं वेड. दोघांची मैत्री जमली आणि राजाने अख्खा महाल त्याच्या हवाली केला. 1930 ते 1933 त्याचं काम चाललं.

आणि वेडे दोघंच नव्हते. पॅरिसचा आंरी-पियेर रोशे राजाला कलाकारांच्या कार्यशाळांतून हिंडवायचा. त्या हिंडण्यातून माणिकबागेत काय काय आलं! आयलीन ग्रे या आयरिश बाईची 'ट्रान्सॅट' खुर्ची आली, जहाजाच्या डेकवरच्या खुर्चीवरून सुचलेली. सोन्यो आणि आलिक्स या रचनाकारांच्या जोडीचे धातूचे पलंग आले. खुद्द मुथेसियसने वाचनाच्या खोलीसाठी लाल खुर्च्या केल्या, त्यांच्यात दिवे बसवलेले. पुस्तक धरा, दिवा खुर्चीतच. रुलमान नावाच्या रचनाकाराचं टेबल मकासर आबनूसचं. हे आबनूस म्हणजे कोण, तर आपल्या तेंदूचा चुलतभाऊ. एकाच कुळातली झाडं. उन्हाळ्यात आमचं अख्खं गाव ज्याची पानं तोडायला पहाटे जंगलात जातं, ज्याची टेंभरं खाऊन आमची तोंडं चिकट व्हायची, त्याच्याच नात्यातलं लाकूड राजाच्या कोपराखाली होतं. हे आबाजींना सांगायला हवं होतं. तेंदूच्या काळ्या गाभ्यावर त्यांचा फार लोभ. तो हाती लागला की पेटीत जपून ठेवायचे.

सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र झोपायच्या खुर्चीची. गुरुजी आडवे होऊन दाखवायचे. "पाय वर, डोकं खाली, कंबर खोलगट. खाली घोडी, घोडीवर ती नुसती टेकलेली. सरकवली तशी कलते. बांधलेली नाही, खिळलेली नाही. आणि वर वाघाचं कातडं." 'वाघाचं' म्हटलं की नाकेदार सावध होत. 1972 चा वन्यप्राण्यांचा कायदा नवा होता आणि त्यांना तो पाठ होता. "कातडं कोनाचा? मारला कोनं? परमिट होता का?" गुरुजी म्हणत, राजाला कसलं परमिट? मग अर्धा तास ते चाले. ते कातडं बिबट्याचं होतं, हे मला फार पुढे महालाच्या एका जुन्या फोटोत दिसलं. तोवर नाकेदारांचा तपास बंद झाला होता.

एका वर्षी, धानाचा रोवणा संपून हात मोकळे झाल्यावर, आबाजींनी ठरवलं: ही खुर्ची करायची. नकाशा म्हणजे गुरुजींची पाटी. गुरुजींनी ती खुर्ची स्वतः पाहिली होती की वडिलांकडून ऐकली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कधी कळलं नाही; पण पाटीवर त्यांनी जी रेघ काढली, ती वाकडीतिकडी असूनही बरोबर होती, हे आज मी सांगू शकतो. लोखंडी नळी कुरखेड्यात कुठून आणायची? नाकेदारांनी सायकलीकडे बघून तोंड फिरवलं. तेव्हा घोडी सागाची झाली. वरची कमान मात्र सागातून कापावी तर लाकूड वाया जातं आणि रेषा तुटते. बुरड म्हणाला, बांबूची करू. त्याने भरीव बांबू शेकून वाकवले, कांबी काढून आडव्या बांधल्या. कंपौंडरांनी मापं घेतली, म्हणजे एकेकाला चटईवर निजवून खडूने रेघ मारली. आमच्या घराच्या भुईवर किती दिवस पाच जणांच्या पाठी उमटलेल्या होत्या. आजी त्यांना वळसा घालून सारवायची.

पहिल्यांदा बसायचा मान कोणाचा? नाकेदारांना वाटलं आपला, सरकारी माणूस. गुरुजींना वाटलं आपला, इंदूर त्यांचं. आबाजी म्हणाले, ज्यानं वाकवली तो बसंल. बुरड नको नको म्हणत आडवा झाला आणि खुर्ची घोडीवरून अशी सरकली की त्याचे पाय आढ्याकडे आणि डोकं भुईकडे. सगळे धावले. तो मात्र तसाच पडून हसत होता, उठायला तयार होईना. मग घोडीवर सुंबाची गुंडाळी बसवली, तेव्हा ती जागेवर राहिली.

ती खुर्ची छपरीतच राहिली. कोणाची म्हणून नाही. बाजाराच्या दिवशी आलेली माणसं बिचकत हात लावायची, मग पोरं आडवी व्हायची, मग म्हातारे. ज्या गावात खुर्ची म्हणजे कोणीतरी आपल्यापेक्षा वर, तिथे ही खुर्ची अशी होती की तिच्यावर बसलं की माणूस सगळ्यांच्या खाली जायचा. बसलेल्याला उभे असलेले लोक वरून बघायचे. आजीसुद्धा एकदा बसली, दार लावून.

इंदूरला पुढे काय झालं? महाराणी संयोगितादेवी 1937 मध्ये गेल्या, त्याच वयात जेव्हा माणसं संसार मांडतात. शिल्पकार ब्रांकुशी राजासाठी ध्यानमंदिर बांधायचं म्हणून 1937-38 च्या हिवाळ्यात इंदूरला आला, त्याचे 'पक्षी' आधीच राजाकडे होते. पण मंदिर काही उभं राहिलं नाही. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं. 1961 मध्ये यशवंतराव वारले. मग 1980 च्या मे महिन्यात मोनाकोला सदबीजने माणिकबागेचं सामान लिलावात काढलं.

ही बातमी गुरुजींना त्यांच्या भाच्याच्या पत्रातून कळली. उन्हाळ्याचे दिवस, छपरीत मोहफुलांचा वास. गुरुजींनी पत्र मोठ्याने वाचलं. पलंग गेले, खुर्च्या गेल्या, गालिचे गेले. नाकेदारांनी विचारलं, "बोली किती लागली?" आकडा पत्रात नव्हता. कंपौंडर म्हणाले, "साहेबाचं सामान म्या घेतलो, राजाचं दुसऱ्यानं घेतलं." कोणी हसलं नाही. आबाजींनी बांबूच्या खुर्चीच्या दोन ढिल्या कांबी पुन्हा बांधून घेतल्या, आणि गुरुजींना म्हणाले, "तुमी आता हिच्यावर बसा." गुरुजी बसले. ते रडले, असं माझा काका सांगतो. झोपले, असं माय सांगते. मला वाटतं दोन्ही झालं असावं.

मी नोकरीसाठी नागपूरला गेलो आणि आबाजींची खोड बरोबर घेऊन गेलो. जुन्या सामानाच्या एका दुकानात मी खुर्ची उलटी करून बघत होतो, तर शेजारी एक गृहस्थ दुसरी खुर्ची उलटी करून बघत होते. नकाशे काढणारे, सरकारी नोकरीतले. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?" मी म्हटलं, "कुरखेड्याचा." ते म्हणाले, "नाही, कोणाचे शिष्य?" तेव्हापासून आमची मैत्री. त्यांच्या ओळखीने इंदूरचे एक बँकवाले काका, काकांच्या ओळखीने पुण्याच्या ताई, ताईंच्या ओळखीने मुंबईचा एक भाऊ, ज्याला इराण्यांच्या खुर्च्यांशिवाय काही दिसत नाही. आधी पोस्टकार्डं चालली, मग अंतर्देशीय पत्रं, त्यांत पेन्सिलीने काढलेले सांधे. आता फोनवर फोटो. वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं न बघता आम्हाला एकमेकांच्या घरातल्या खुर्च्या माहीत होत्या. कोणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली की खाली हमखास एक ओळ: मंडपातल्या खुर्च्या बघू नका.

भांडलोही खूप. नागपूरवाल्यांचा पक्ष लोखंडाचा. मार्सेल ब्रॉयरला 1925 मध्ये नळीची खुर्ची सुचली ती सायकलच्या हँडलवरून, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला आमचे नाकेदार आठवले. त्या दिवशी त्यांनी सायकलीकडे बघून तोंड फिरवलं नसतं तर! मुंबईचा भाऊ म्हणे, नळी थंडीत गार आणि उन्हात भाजते. वाकवलेल्या लाकडापुढे सगळं खोटं. पुण्याच्या ताई या वादात पडत नसत. त्या विचारायच्या, ही खुर्ची केली कोणी? म्हणजे नाव कोणाचं ते नाही. हात कोणाचे?

ताईंनीच मला राजाच्या त्या झोपायच्या खुर्चीची पुढची गोष्ट सांगितली. ती 1928 मधली. नाव तिघांचं: ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पियेर जानेरे आणि शार्लोत पेरियाँ. बहुतेक वेळा पहिलंच नाव घेतलं जातं. पेरियाँ 1927 मध्ये त्यांच्याकडे काम मागायला गेली तेव्हा इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही, असं सांगून तिला परत पाठवलं होतं म्हणे. पुढे काही महिन्यांत त्यांनीच बोलावून घेतलं. आता यातले जानेरे धरून ठेवा. 1951 मध्ये ते चंडीगडला आले, नवं शहर उभं करायला, आणि 1965 पर्यंत तिथेच राहिले. राजाच्या आडव्या खुर्चीत ज्यांचा हात, त्यांनीच कारकुनाची उभी खुर्ची केली: सागाची, वेताने विणलेली, बाजूचे पाय कंपासासारखे फाकलेले. पंजाबच्या सुतारांनी ती हजारोंनी घडवली. कचेऱ्यांत, कॉलेजांत, ग्रंथालयांत. वेत फाटला की फेकल्या, गच्चीवर ढीग लागले, भंगारात गेल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी ते ढीग उचलले आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांनी विकली. 2011 मध्ये केंद्राच्या गृहखात्याने विक्रीला बंदी घातली. पाठीमागे पांढऱ्या रंगाने लिहिलेला कचेरीचा नंबर व्यापारी पुसत नाहीत, कारण त्या नंबरावरच किंमत ठरते. आमच्या तहसिलातल्या खुर्च्यांवरही तसेच नंबर असत. फरक एवढाच की ते कोणी मोजायला आलं नाही. जानेरे 1967 मध्ये गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा चंडीगडच्या सुखना तलावात सोडली. खुर्च्या परदेशी गेल्या, माणूस इथे राहिला.

आणि पेरियाँ? ती 1940 मध्ये जपानला गेली. लोखंडी नळी तिथे तिलाही नको होती. तिने तीच झोपायची खुर्ची पुन्हा केली, बांबूची.

ताईंच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. जपानच्या कारागिरांबरोबर बसून तिने जे केलं, तेच कुरखेड्यात एका बुरडाने आणि एका सुताराने, तिचं नावही न ऐकता, गुरुजींच्या पाटीवरच्या रेघेवरून केलं होतं. हातांशी बोललं की हात बहुधा एकाच ठिकाणी पोचतात. पण त्यासाठी आधी कोणीतरी ते बोलायला हवं, दुसऱ्याने ऐकायला हवं, तिसऱ्याने शंका काढायला हवी आणि चौथ्याने चटईवर निजून पाठीचं माप द्यायला हवं. राजाचं वेडही एकट्याचं नव्हतं. मुथेसियस नसता, रोशे नसता, तर त्याने बापासारखीच चांदीची खुर्ची केली असती. वस्तूचा शौक एकट्याला झाला की तो संग्रह होतो, आणि संग्रहाचा शेवटी लिलाव होतो. चारचौघांत झाला तर त्याला निदान वडे तरी मिळतात.

मागल्या मंडईच्या जत्रेला मी या सगळ्यांना कुरखेड्याला बोलावलं. दिवाळीनंतरचे दिवस, धान कापणीला आलेलं, सती नदीत पाणी अजून खेळतं. माझ्या बायकोने आणि वहिनीने सुवाऱ्या, आयते, लाखोळीचे वडे आणि वास्त्यांची भाजी केली. मुंबईच्या भावाने विचारलं, वास्ते म्हणजे काय? बांबूचे कोंब म्हटल्यावर त्याने ताटाला हात जोडले. म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे खुर्ची खातात."

बांबूची खुर्ची अजून आहे. घोडी आबाजींची, सागाची, जशीच्या तशी. कांबी मात्र बुरडाच्या नातवाने दोनदा बदलल्या. तीन म्हाताऱ्यांनी आणि एका म्हातारीने मिळून ती उलटी केली, आणि मग खाली बसून, वाकून, चष्मे वर सरकवून तास-दीड तास बघत राहिले. बुरडाचा नातू बाजूला उभा होता. ताईंनी त्याला विचारलं, कुठला बांबू, कधी तोडायचा, किती शेकायचा. तो आधी लाजला, मग असा खुलला की थांबेना. इंदूरचे काका मात्र काही बोलत नव्हते. त्यांनी फक्त सुंबाच्या गुंडाळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मूळ खुर्चीत नाही." मी म्हटलं, "हे बुरडाचं डोकं भुईकडे गेल्यामुळे आलं."

रात्री नाटक होतं. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दहाला पडदा आणि कोंबडं आरवल्यावर शेवट. वडशाच्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव हिंडतात. आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. आमच्या लहानपणी नाटकाला घरून चटई न्यायची. पुढे लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या, आता प्लॅस्टिकच्या. पाहुण्यांसाठी मंडळींनी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखल्या होत्या. नागपूरवाल्यांनी बसायच्या आधी खुर्ची उलटी केलीच. साच्याचा शिक्का, वजन पेलायच्या शिरा, सगळं बघितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाबाजी, बसा ना गा! खुर्ची चोरीची नाही!" अख्खा मंडप हसला. शेवटी सगळे खुर्च्या सोडून मागे चटईवर गेले, कारण ताईंना पाय पसरायचे होते आणि त्यांना एकट्यांना कोण सोडणार?

पहाटे परतताना ठरलं, पुढच्या वर्षी इंदूर. काकांच्या घरी उतरायचं, सराफ्यात खायचं आणि माणिकबाग बघायची. काकांनी घसा खाकरला. म्हणाले, माणिकबागेत आता कराची कचेरी आहे, एक्साइज आणि जीएसटीवाल्यांची. आत काम असल्याशिवाय कसं जाणार? सगळे गप्प झाले. मग नागपूरवाले शांतपणे म्हणाले, "वर्ष आहे ना हातात. कोणाला तरी नोटीस येईलच."

मुंबईच्या भावाने लगेच शब्द दिला, यंदाचा हिशेब आपण जरा ढिला ठेवतो.